मदत हवी आहे: प्रशिक्षणानंतर फरक पडला का, हे कसं बघायचं?

धुळे जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात आयक्यूएसीचं (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं) काम माझ्याकडे आहे. ३८ प्राध्यापक (१४ सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर) आणि १७ शिक्षकेतर कर्मचारी, सगळ्यांसाठी वर्षभराचा प्रशिक्षण आराखडा करायचाय.

गूगल फॉर्मवर गरजा विचारल्या. निम्म्यांनी 'एक्सेल' लिहिलं, बाकीच्यांनी काहीच नाही. दोन एकदिवसीय कार्यशाळा घेतल्या. प्रमाणपत्रं दुपारच्या चहाबरोबरच वाटली, ही चूक माझीच. तीननंतर हॉल रिकामा. साक्रीच्या एसटीचं निमित्त होतंच. परीक्षा विभागातल्या ताई नंतर म्हणाल्या, "सर, तुम्ही दाखवलं ते आमच्या कॉम्प्युटरवर उघडतच नाही."

यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे कॅससाठी (प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेसाठी) लागणारे उद्बोधन आणि उजळणी वर्ग कायम प्राध्यापक करतातच, त्यामुळे ते सुचवू नका. सीएचबीवाल्यांना आणि कार्यालयाला कॅसची ओढ नाही, खरी अडचण तिथेच आहे. वेगळं बजेट नाही. जून-जुलै प्रवेशात जातात. मिळतात ते शनिवारचे दोन तास.

तीन महिन्यांनी वर्गात किंवा कार्यालयाच्या खिडकीवर काही बदललं का, हे तपासायची साधी पद्धत कुणी राबवली आहे का? एकमेकांचे तास बघणं चालतं, की लोक तपासणी समजून बिथरतात?