बंगाली षष्ठीची व्रतं: पंजिकेतून दिवस कसा काढायचा, आणि त्या दिवशी काय चालतं?

अंगणातली_जाई
मुलीचं सासर बंगालातल्या कृष्णनगरचं, बिऱ्हाड पुण्यात. विहीणबाईंनी तिला षष्ठींची यादी दिली आहे: अशोक, जमाई, दुर्गा, मूलो, शीतल आणि नील. सोबत बंगाली पंजिकाही (म्हणजे पंचांग) दिली आहे. तीन ठिकाणी अडतंय.
१. नीलषष्ठी २०२५ साली १३ एप्रिलला होती. आपल्याकडे त्या दिवशी चैत्र वद्य प्रतिपदा! मग षष्ठी कुठली?
२. पंजिकेतल्या वेळा कशा वाचायच्या?
३. उपासाला त्यांच्याकडे चक्क पुऱ्या चालतात असं कळलं. साबुदाण्याची खिचडी चालेल का?

तिथिवाचक
नीलषष्ठी नावाची षष्ठी आहे, तिथीची नाही. ती सौर तारखेवर चालते: चैत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी. बंगाली महिना सूर्याच्या राशीवर मोजतात आणि संक्रांत हा महिन्याचा शेवटचा दिवस धरतात, पहिला नव्हे. २०२५ मध्ये १४ एप्रिलला चैत्र संक्रांत, १५ ला पहिला वैशाख (बंगाली साल, म्हणजे बंगाब्द, १४३२), म्हणून नील १३ ला. दरवर्षी ही तारीख १३ एप्रिलच्या आसपासच राहते. तिथी शोधूच नका. मात्र बांगलादेशात छापलेली सरकारी दिनदर्शिका हाती आली असेल तर जपा. तिथे पहिला वैशाख कायमचा १४ एप्रिलला बांधून टाकला आहे, त्यामुळे वजाबाकी एका दिवसाने चुकते.

यादीतल्या बाकीच्या सगळ्या शुक्ल षष्ठी आहेत, म्हणून आपला अमान्त (अमावस्येला संपणारा) महिना की उत्तरेचा पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा), हा घोळ इथे येत नाही. अशोक म्हणजे चैत्र शुद्ध, जमाई (मूळ नाव अरण्यषष्ठी) ज्येष्ठ शुद्ध, दुर्गा आश्विन शुद्ध, शीतल माघ शुद्ध. मूलोषष्ठी अग्रहायणातली, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, आपली चंपाषष्ठीच.

घोळ होतो तो दुसरीकडे. पंजिकेच्या पानावर महिना सौर छापलेला असतो आणि तिथी चांद्र महिन्याची असते. २०२६ चंच बघा. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ (बंगालीत मलमास). व्रत निज ज्येष्ठात, म्हणजे अधिकानंतरच्या नेहमीच्या ज्येष्ठात करायचं, म्हणून जमाईषष्ठी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जाते. तोवर बंगाली सौर आषाढ लागलेला असतो. ज्येष्ठाची पानं चाळत बसलात तर सापडणार नाही.

वेळा वाचताना दोन शब्द नीट लक्षात ठेवा. ‘गते’ म्हणजे त्या वेळेनंतर. ‘मध्ये’ म्हणजे त्या वेळेच्या आत. मराठी डोळ्याला ‘मध्ये’ म्हणजे दरम्यान वाटतं आणि तिथेच चूक होते: ‘९।४० मध्ये’ याचा अर्थ ९ वाजून ४० मिनिटांच्या आधी उरकायचं. जुन्या पद्धतीने दंड दिले असतील तर १ दंड = २४ मिनिटं. आणि अंक! बंगाली चार हुबेहूब इंग्रजी आठसारखा दिसतो, बंगाली सात इंग्रजी नऊसारखा. पहिल्यांदा वाचणारा माणूस चारच्या जागी आठ वाचतोच.

रोहू_आणि_राई
वरच्यात भर. पंजिका कोणती, हे आधी वेष्टनावर बघून घ्या. गुप्तप्रेस (१८६९ पासून) सूर्यसिद्धान्त या प्राचीन ज्योतिषग्रंथाच्या जुन्या गणिताने चालते. विशुद्ध सिद्धान्त (१८९० पासून) प्रत्यक्ष ग्रहस्थितीने, म्हणजे आपल्या दाते पंचांगाच्या जातीची. दोन्हींत एकाच तिथीच्या वेळेत काही तासांचा फरक पडतो आणि कधीकधी त्यापायी अख्खा दिवस बदलतो. म्हणून तुमच्या मराठी पंचांगाशी विशुद्ध सिद्धान्त जुळेल, गुप्तप्रेस जुळेलच असं नाही. यात कुणी खोटं नाही. घरात जी चालते तीच वर्षभर धरा. सोयीप्रमाणे एक सण हिच्यातून आणि एक तिच्यातून, असं करू नका.

दुसरं, सूर्योदय. जूनमध्ये कोलकात्यात सूर्य पाचच्या जरा आधी उगवतो, पुण्यात सहाच्या सुमारास. षष्ठी पहाटे साडेपाचला संपत असेल तर कोलकात्याच्या सूर्योदयाला ती आहे, पुण्याच्या नाही. शास्त्रात षष्ठी-सप्तमी ही जोडी मानलेली आहे, म्हणजे सप्तमीला जाऊन मिळणारी षष्ठी व्रताला घ्यायची. अशा काठावरच्या वर्षी दोन शहरांचे दिवस वेगळे निघू शकतात. माझं मत: जमाईषष्ठी हा माणसं एकत्र जमण्याचा दिवस आहे, तो कोलकात्याच्या तारखेलाच करा.

तिथिवाचक
इथे असहमत. व्रत जिथे करायचं तिथला सूर्योदय, हाच नियम आहे. जेवणाचं आमंत्रण हवं त्या दिवशी ठेवा, उपास मात्र पुण्याच्या षष्ठीला. दुर्गापूजेतल्या संधिपूजेचं वेगळं आहे: अष्टमीची शेवटची २४ आणि नवमीची पहिली २४ मिनिटं. ती तिथीच्या क्षणावर बांधलेली, त्यामुळे पंजिकेतली वेळ पुण्यातही जशीच्या तशी घ्यायची.

शिलनोडा
खाण्याचं सांगते. बंगाली षष्ठीला वर्ज्य मुख्यतः भात. कणीक-मैदा चालतो, म्हणून लुची (त्यांची मैद्याची पुरी). मासे-मांस अर्थात नाही. कांदा, लसूण आणि मसूर डाळही नाही, कारण मसूर तिकडे आमिषात धरतात. आपल्याकडे उपासाला गहू चालत नाही आणि शेंगदाणे-बटाटा-साबुदाणा चालतो. दोन्ही बाजूंनी निर्धास्त राहायचं तर साबुदाणा आणि फळं.

फक्त ‘खिचडी’ हा शब्द वापरू नका. बंगालीत खिचुडी म्हणजे डाळ-तांदूळ, ऐकणाऱ्याला वाटेल उपास मोडला. ‘साबु’ म्हणा. त्यांच्या पद्धतीचा साबु शिजवतसुद्धा नाहीत: भिजवून मऊ करायचा, त्यात पिकलं केळं, ओलं खोबरं, साखर, थोडं दूध कालवायचं. दाणा बोटांनी सहज चिरडला जाईपर्यंत भिजला पाहिजे, नाहीतर कच्चट लागतो. नीलच्या दिवशी बऱ्याच घरांत पाणीसुद्धा घेत नाहीत. संध्याकाळी शंकराला पाणी घालून दिवा लावला की मग हेच खातात.

अशोकषष्ठीबद्दल एक इशारा. त्या दिवशी अशोकाच्या सहा कळ्या आणि मुगाचे सहा दाणे केळ्यात किंवा दह्यात घालून दाताला न लावता गिळतात. आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला जो उंच, सरळसोट ‘अशोक’ असतो तो खरा अशोक नव्हे, त्याची फुलं हिरवट असतात. त्याच्या कळ्या पोटात घालू नका. खरा सीता-अशोक पसरट वाढतो आणि त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ थेट फांदीवर येतात. झाड ओळखता येत नसेल तर केळं आणि मूग एवढ्यावर भागवा.

अंगणातली_जाई
फार उपयोग झाला. शीतलषष्ठीला ‘गोटा सेद्धो’ करायचं आहे. सहा माणसांना प्रमाण?

शिलनोडा
गोटा म्हणजे अख्खं, सेद्धो म्हणजे उकडलेलं. काहीच चिरायचं नाही. हे सरस्वतीपूजेच्या संध्याकाळी, म्हणजे वसंतपंचमीला शिजवायचं आणि षष्ठीला गारच खायचं. त्या दिवशी चूल पेटत नाही आणि पाटा-वरवंटा हळदीत भिजवलेल्या कापडाखाली विसावतो. त्याचीच पूजा. आपल्या श्रावणातल्या शिळासप्तमीची ही सख्खी बहीण.

प्रमाण: अख्खे हिरवे मूग २५० ग्रॅम, सहा लहान नवे बटाटे, सहा बोटाएवढी रताळी, सहा छोटी वांगी देठासकट, सहा घेवड्याच्या शेंगा, सहा मटारच्या शेंगा, सहा पालकाची मुळासकट रोपं. सहाच्या हिशोबाने.

मूग कोरडेच मंद भाजा, वास सुटला की धुवा. दीड लिटर पाण्यात, उघड्या पातेल्यात अर्धे शिजवा. मग बटाटे-रताळी. ती सुरीला जरा मऊ लागली की वांगी आणि शेंगा, शेवटची पाच मिनिटं पालक. मीठ, ठेचलेलं आलं, हिरव्या मिरच्या. उतरवल्यावर कच्चं मोहरीचं तेल तीन-चार मोठे चमचे. कुकर नको, वांगी फुटून सगळ्याचा लगदा होतो. वांगी चिरायची नसल्यामुळे भोक पडलेलं एकही घेऊ नका, आत अळी असली तरी कळणार नाही. पालकाची मुळं ब्रशने घासा, माती तिथेच दडते.

हमखास बिघडतं ते रात्रीत आंबून. बंगालात माघात थंडी असते, तिथे पातेलं बाहेर टिकतं. पुण्यात दुपारी ऊन तापतं. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून आधी पूर्ण निववा, मगच झाका. गरम असताना झाकण घातलं की वाफेचं पाणी आत पडतं आणि सकाळी तार सुटते. निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवायला काहीच हरकत नाही. खायच्या तासभर आधी बाहेर काढा, गरम मात्र करू नका.