श्वास नुसता पाहायचा की अंगात फिरवायचा?

माळरान

गेल्या वर्षी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आले. पहिले तीन दिवस नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास, चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहत जाणं. सातव्या दिवशी सगळं अंग मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं झिणझिणलं. फार सुखद होतं ते. तिथे एवढंच सांगितलं गेलं की हेही जाणार आहे, धरून बसू नका.

चार महिन्यांनी मी एका दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले. विषय ताओवादी, म्हणजे चीनमधल्या ताओ परंपरेतली, ऊर्जासाधना. जिभेचं टोक टाळूला लावायचं, लक्ष नाभीखाली तीन-चार बोटांवर ठेवायचं. तिथे ऊब आली की ती माकडहाडापासून कण्यातून डोक्यात चढवायची, मग कपाळ, छाती, पोट असं करत खाली आणायची. शिकवणारे म्हणाले, विपश्यनेत जे झिणझिणतं तीच ही ऊर्जा, आपण तिला फक्त वाट करून देतोय. मला पटलं. रोज पाऊण तास करू लागले. तीन आठवड्यांत माथा तापलेला, पाय गार, कानात घुंई आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. बंद केलं, तरी पूर्ववत व्हायला महिना गेला.

तेव्हापासून यावर वाचतेय, आणि माझं मत पक्कं झालंय. या दोन साधना एकच नाहीत आणि त्यांची सरमिसळ करू नये. पाली साहित्यात, महासच्चक सुत्तात, खुद्द बुद्धांनी सांगितलंय की बोधी मिळण्याआधी त्यांनी श्वास कोंडून पाहिला होता. तेव्हा कुणी तलवारीचं टोक डोक्यात खुपसावं तसे वारे डोकं चिरत होते, कुणी चामड्याचा पट्टा डोक्याभोवती आवळावा तशी वेदना होत होती. ते सगळं त्यांनी सोडून दिलं. मग त्यांना आठवलं ते लहानपणी जांभळीच्या सावलीत सहज लागलेलं ध्यान. त्या ध्यानात जोरजबरदस्ती नव्हती.

ताओवाद्यांच्या आंतरिक किमयेत मात्र काहीतरी घडवायचं असतं. चिंग म्हणजे शरीरातलं सत्त्व. त्याची 'ची' म्हणजे प्राणऊर्जा करायची, त्या ऊर्जेचं शेन म्हणजे चैतन्य करायचं आणि शेवटी आत एक अमर गर्भ वाढवायचा. जे अनित्य म्हणून पाहायचं, तेच तिथे साठवायचं. मग दोन्ही एक कसे?

नदीकाठ

माळरान, चौदा वर्षं ताई ची (संथ हालचालींची चिनी साधना) करतोय म्हणून लिहितो. (ताई ची मधला 'ची' आणि ऊर्जेचा 'ची' हे चिनीत दोन वेगळे शब्द आहेत, इथे नेहमी घोळ होतो.) तुमच्या त्रासाचं कारण सरमिसळ नाही, घाई आहे. दोन दिवसांत कण्यातून ऊर्जा चढवायला शिकवणं हीच चूक.

माझ्या गुरुजींनी पहिलं वर्षभर नुसतं उभं केलं. गुडघे जरा सैल, हात छातीसमोर घागर कवटाळल्यासारखे, माकडहाड खाली सोडलेलं. पाच मिनिटांत मांड्या थरथरायच्या. ते पाठीमागून येऊन खांद्यावर दोन बोटं ठेवायचे आणि म्हणायचे, "इथलं ओझं खाली जाऊ दे." नाभीखाली काही 'जाणवलं पाहिजे' असं ते कधी म्हणाले नाहीत.

जुन्या काळचा चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस याने या ऊर्जेबद्दल बोलतानाच एक गोष्ट सांगितली आहे. सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याला वाटलं, रोपं वाढत नाहीत. म्हणून त्याने एकेक रोप वर ओढलं आणि दमून घरी येऊन म्हणाला, आज मी रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतावर गेला, तर सगळी रोपं सुकलेली. विसरायचं नाही आणि ओढायचंही नाही, हा नियम पुढे ताओवादी साधकांनीही धरला. तुम्हाला ओढायला शिकवलं गेलं. तो दोष ताओवादावर टाकू नका.

जुनीवही

अनुभव वाचून वाईट वाटलं, पण 'सरमिसळ करू नये' हे इतिहासाला धरून नाही. चीनमध्ये बौद्ध ध्यान पोचलं तेच मुळी ताओवादी शब्द पांघरून. इ.स. 148 मध्ये पार्थियाहून आन शिगाव हा भिक्खू लोयांगला आला. आनापानाची, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहण्याची, शिकवण चिनीत पहिल्यांदा आणणाऱ्यांपैकी तो एक. त्या सुरुवातीच्या भाषांतरांत निर्वाणाला शब्द वापरला गेला तो 'वू-वेई' (ओढूनताणून काही न करणं), थेट ताओवाद्यांचा.

पुढे थ्यानथाय पर्वतावरचे आचार्य झियी (538–597) पाहा. बौद्ध ध्यानाची व्यवस्थित मांडणी करणाऱ्यांत त्यांचं नाव फार वरचं. नवशिक्यांसाठीच्या त्यांच्या छोट्या पुस्तकात नाभीखाली चित्त स्थिर करणं आहे आणि वेगवेगळ्या अवयवांसाठी सहा प्रकारे श्वास सोडणंही आहे. शतकभराने त्याच पर्वतावर राहिलेल्या स्समा छंगचन या ताओवादी गुरूंनी 'बसून विसरणं' या साधनेवर लिहिलं, त्यात झियींची छाप स्पष्ट दिसते. बाराव्या शतकात छ्वानचन पंथ स्थापन करणारे वांग छोंगयांग आपल्या ताओवादी शिष्यांना प्रज्ञापारमिता हृदयसूत्र हे बौद्ध सूत्र वाचायला सांगत.

आणि तुमचीच लक्षणं (डोकं तापलेलं, पाय बर्फ, कानात ओढ्याचा आवाज) जपानी झेन गुरू हाकुइन यांनी 1757 साली छापलेल्या पुस्तकात स्वतःबद्दल लिहिली आहेत. त्यांना ती झाली होती ताओवादामुळे नव्हे, झेन ध्यानाच्या अतिरेकामुळे! ते लिहितात की उपाय मिळाला क्योतोजवळच्या डोंगरात राहणाऱ्या हाकुयू नावाच्या एकांतवासी माणसाकडून, आणि तो उपाय ताओवादी घाटाचा होता. डोक्यावर बदकाच्या अंड्याएवढा सुगंधी लोण्याचा गोळा ठेवलाय अशी कल्पना करायची. तो वितळतो, टाळू भिजवतो, खांदे, छाती, फुप्फुसं, पोट, कंबर असं करत पायांच्या तळव्यांपर्यंत झिरपतो. वर चढलेली आग खाली आणायची.

म्हणजे एका परंपरेने घडवलेलं दुखणं दुसरीने बरं केलं. तुम्ही ते दारच बंद करायला सांगताय.

माळरान

जुनीवही, लोण्याचा उपाय मला माहीत नव्हता. तेव्हा कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

पण तुमचंच उदाहरण नीट पाहा. झियींनी ते सहा उच्छ्वास कुठल्या प्रकरणात घातले? आजार बरे करण्याच्या. हाकुइननीही ते दुखण्यावरचा उपचार म्हणून घेतलं, बोधीचा मार्ग म्हणून नाही. औषधाच्या कपाटातली बाटली कुणी रोजच्या जेवणात ओतत नाही.

थानल्वान (476–542) या चिनी बौद्ध भिक्खूंची पारंपरिक कथाही आठवा. आजारपणामुळे आयुष्य वाढवायचं त्यांच्या मनात भरलं. दक्षिणेला जाऊन थाओ होंगचिंग या ताओवादी आचार्यांकडून त्यांनी दीर्घायुष्याचे ग्रंथ मिळवले. परतताना लोयांगला भारतातून आलेले बोधिरुची भेटले. थानल्वाननी विचारलं, बुद्धधर्मात याहून सरस काही आहे का? बोधिरुचींनी झिडकारलं. कितीही आयुष्य वाढवलंत तरी शेवटी जन्ममरणाच्या फेऱ्यातच राहणार ना? थानल्वाननी ते ग्रंथ जाळून टाकले. हा फरक मी आज शोधून काढलेला नाही, त्या काळच्या लोकांनाही तो दिसत होता.

जुनीवही

उपचार आणि मार्ग यांतला फरक मान्य. झियींबद्दल तुमचं बरोबर आहे.

पण 'ताओवाद म्हणजे आयुष्य वाढवणं' हे अर्धंच खरं. वांग छोंगयांगचे शिष्य छिऊ छूजी यांना चंगीझखानाने मुद्दाम बोलावून घेतलं. 1222 मध्ये हिंदुकुशजवळ भेट झाली. खानाने अमरत्वाचं औषध मागितलं. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने जगातल्या सर्वांत ताकदवान राजाला तोंडावर सांगितलं की आयुष्य जपण्याचे उपाय आहेत, अमर करणारं औषध नाही. त्यांच्या पंथाचं सूत्रच होतं की स्वभाव आणि आयुष्य, दोन्हींची साधना बरोबरीने करायची.

निळीपहाट

दोन्ही बाजूंचं वाचलं. मला वाटतं, तुम्ही सगळे अष्टांगिक मार्गाच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवरच उभे आहात. सम्यक स्मृती सातवी, सम्यक समाधी आठवी. त्याआधी वाणी, कर्म, आजीविका येते, त्याबद्दल इथे एक ओळ नाही. माझी आजी 1956 ला नागपूरला दीक्षाभूमीवर होती, कडेवर माझे वडील. तिने कधी आसन घातलं नाही. रोज संध्याकाळी त्रिशरण-पंचशील म्हणायची आणि वस्तीतल्या भांडणात मध्ये पडायची. बाबासाहेबांनी धम्म पाहिला तो माणसामाणसांतल्या नात्यात. मीही वीस मिनिटं आनापान करतो, त्याने रागावर ताबा येतो. पण अंगात काय झिणझिणलं याची नोंदवही ठेवायची मला गरज वाटत नाही, आणि ऊर्जा पाठीतून वर गेली म्हणून कुणी शेजाऱ्याशी नीट वागायला लागतो असं मी पाहिलेलं नाही.

पिंपळपान

निळीपहाट, शीलाबद्दल शंभर टक्के सहमत. पण शरीरातल्या अनुभूतीला इतकं दूर लोटू नका, ती बुद्धवचनातच आहे. सामञ्ञफल सुत्तातला पहिल्या ध्यानाचा दृष्टांत घ्या. आंघोळ घालणारा कुशल माणूस काशाच्या थाळीत स्नानचूर्ण घेतो, वर पाणी शिंपडत मळत जातो, शेवटी गोळा आतबाहेर ओला होतो पण थेंब गळत नाही. तसं प्रीतिसुखाने साधक आपलं सगळं शरीर भिजवतो, शरीराचा कुठलाही भाग कोरडा राहत नाही. क्रियापदं पाहा, तो शिंपडतो, मळतो, भिजवतो. इथे तो हात बांधून नुसता पाहत बसलेला नाही.

म्हणून माळरान, 'बौद्ध पाहतात, ताओवादी फिरवतात' ही तुमची रेघ मला इतकी सरळ वाटत नाही. खणखणीत फरक एकच उरतो. तो गोळा भिजल्यावर त्याचं काय करायचं?

डॉ_सातारकर

मनोविकार विभागात काम करते, म्हणून थोडं वेगळं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 1994 च्या निदानसूचीत चीगोंगच्या (चिनी ऊर्जासाधनेच्या) अतिरेकानंतर होणाऱ्या मनोविकृत प्रतिक्रियेची वेगळी नोंद होती. चिनीत तर अशा बिघाडाला रूढ वाक्प्रचारच आहे: आग भलतीकडे गेली आणि आत भूत शिरलं. पण नुसत्या निरीक्षणाच्या दीर्घ मौन शिबिरांनंतरही झोप उडालेले, घाबरलेले लोक माझ्याकडे आलेत. त्यामुळे कुठली परंपरा यापेक्षा मी विचारते रोज किती तास, झोप किती, घरात कुणाला मोठा मानसिक आजार आहे का. सलग दोन-तीन रात्री झोप आली नाही तर साधना थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. माळरान, तुम्ही वेळीच थांबलात हे फार चांगलं केलंत.

नदीकाठ

डॉक्टरताईंशी सहमत. आमच्याकडेही झोप बिघडलेल्याला आधी चालायला लावतात, बसवत नाहीत.

माळरान, एक सुचवू? ऊर्जा हा शब्दच बाजूला ठेवा. सकाळी अनवाणी दहा मिनिटं उभ्या राहा, घागरीसारखे हात करून. तळव्यांखाली फरशी कशी लागते तेवढंच बघा. हे तुमच्या विपश्यनेच्याही आड येणार नाही.

माळरान

पिंपळपान, स्नानचूर्णाचा दृष्टांत काल रात्री काढून वाचला. 'नुसतं पाहणं' हा शब्द मी फार सोपा करून वापरला, हे कबूल करते. तरी तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नावरच माझं सगळं म्हणणं उभं आहे. गोळा भिजल्यावर तो जपून ठेवायचा की तोही वाळून जाणार हे बघत राहायचं? कार्यशाळेत मला तो जपायला सांगितलं होतं, आणि रोज सकाळी 'कालच्याइतकी ऊब आली का' हे तपासता तपासता माझी झोप गेली.

नदीकाठ, आज सहा वाजता गच्चीवर उभी राहिले. सात मिनिटांत मांड्या थरथरल्या. डावी टाच उजवीपेक्षा जड पडते हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं. उद्या पुन्हा उभी राहीन. पाठीतून वर मात्र काही चढवणार नाही.