आधी नखाने तपासा, मग घासा

इथे कुणीतरी गाडीच्या दाराच्या आतल्या, खालच्या प्लास्टिक पॅनलवरचे बुटांचे काळे डाग थिनरने पुसायला सांगितलंय. कृपा करून तसं करू नका. थिनर किंवा ॲसिटोनने एबीएस प्लास्टिक (गाडीच्या आत वापरतात ते एक कडक प्लास्टिक) विरघळतं, चिकट होतं आणि मग तो भाग कायमचा पांढुरका दिसतो.

आधी डागावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर बहुधा तो ओरखडा नाहीच, बुटाच्या सोलचं रबर वर बसलंय. ते निघतं. मायक्रोफायबरच्या फडक्यावर थोडं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या (मेडिकलमध्ये मिळतं) आणि अलगद पुसा. आधी कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी करून बघायचं. दाणेदार प्लास्टिक असेल तर मऊ टूथब्रश आणि साबणाचं पाणी. खाचांत अडकलेलं काळं फडक्याने निघतच नाही. मॅजिक इरेजरही (डाग घासायचा पांढरा फोमचा स्पंज) चालतो, पण तो म्हणजे बारीक पॉलिशपेपरच. हलक्या हाताने, ओला करून. चकचकीत काळ्या पॅनलला तर लावूच नका.

नख अडकलं तर मात्र प्लास्टिकच खरवडलंय. आपल्याकडे द्राक्षाच्या सीझनमध्ये क्रेट सरकवून डिकीची कड अशीच पांढरी पडते. तिथे कितीही घासा, उपयोग शून्य. हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) लांबून, सतत हलती ठेवून फिरवली तर पांढरेपणा बराच कमी होतो. एका जागी थांबलात की प्लास्टिकवरचे दाणे वितळून सपाट. एअरबॅगच्या झाकणाजवळ तर अजिबात नको.

डॅशबोर्ड पॉलिशने डाग जात नाही, फक्त झाकला जातो.