नाशिकमध्ये स्वतः घर बांधतोय: साहित्यात पैसे नेमके कुठे वाचतात?

मखमलाबादकर

नमस्कार. मखमलाबाद शिवारात आमचा गुंठाभर प्लॉट आहे. परवानगी मिळाली, आरसीसी ड्रॉइंगही (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचं) तयार आहे. तळमजला आणि वर एक मजला. ठेकेदाराने विथ मटेरियल सांगितलेला आकडा कर्जात बसत नाही, म्हणून काम लेबर रेटने देऊन साहित्य मीच आणणार आहे. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे साईटवर सकाळ-संध्याकाळच जाता येतं. दिवसभर वडील थांबतील. बरीच दुकानं फिरलो, पण सिमेंटच्या गोणीमागे पाच-दहा रुपयांचाच फरक दिसतो. मग खरी बचत होते कुठे? नाशकात स्वतः उभं राहून घर बांधलेल्यांनी कृपया सांगावं.

म्हसरूळच्या काकू

सर, भाव जरूर करा, पण सगळा जीव त्यात अडकवू नका. आमचे हे नोकरीला बाहेरगावी होते, त्यामुळे म्हसरूळच्या घराचं सगळं काम मीच बघितलं. पैसा गळतो तो मापात, हे मी ठाम सांगते.

आधी खडी आणि क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी रिकामी करू देण्याआधी हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजायची, गुणाकार करून शंभराने भागायचं. हौदा १० बाय ६.५ आणि माल ३ फूट असेल तर १९५ घनफूट झाले, म्हणजे दोन ब्रासला पाच घनफूट कमी. माल मधे उंच आणि कडेला खाली असतो, म्हणून आधी फावड्याने सपाट करायला लावा आणि चार-पाच ठिकाणी सळई खुपसून खोली बघा. ओलसर वाळू फुगते. वीस-पंचवीस टक्के जास्त जागा ती सहज व्यापते, आणि पैसे आपण ब्रासवर देतो. तुमच्या वडिलांच्या हातात टेप द्या. इथे मोजून घेतात हे गाडीवाल्याला कळलं की पुढच्या गाड्या आपोआप भरून येतात. सध्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, क्रशरवाले मोठ्या ऑर्डरी आधी काढतात. खडी सांगायची तर काही दिवस आधीच सांगा, नाहीतर ऐनवेळी मिळेल ती आणि मिळेल त्या भावाने घ्यावी लागते.

स्टील नगावर घेऊ नका, वजनकाट्यावर घ्या. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन्ही पावत्या हातात हव्यात. बारचा, म्हणजे सळईचा, एमएममधला व्यास, त्याचा वर्ग, भागिले १६२, की एका मीटरचं किलोमधलं वजन निघतं. १२ मीटरचा ८ एमएमचा बार ४.७४ किलो, १२ एमएमचा साधारण १०.७ किलो आणि १६ एमएमचा जवळपास १९ किलो भरायला हवा. मानकात १२ एमएमच्या लॉटला ५ टक्के कमी-जास्त चालतं. त्याहून हलका माल स्वस्त पडला तरी परत पाठवा, कारण कॉलममध्ये तेवढं लोखंड कमी जाणार असतं. आरसीसीवाल्या साहेबांकडून बारबेंडिंग शेड्यूल नक्की मागून घ्या. कुठला बार किती लांबीचा कापायचा ते त्यात असतं. ते नसेल तर फिटर सोयीने कापतो आणि हात-हात लांबीचे तुकडे भंगारात जातात.

विटांचं गणित मला प्लास्टरच्या वेळी कळलं. आम्ही राखेच्या विटा घेतल्या, एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र जवळ असल्याने आपल्याकडे त्या मिळतात. साच्यातल्या असल्याने भिंत सरळ येते आणि आतून १२ एमएम प्लास्टर पुरतं. भिंत वाकडी असली की तेच २० एमएमवर जातं. हजार चौरस फुटाला पाच-सहा गोण्या सिमेंट जास्त आणि वाळू वेगळीच. फक्त त्या विटा ताज्या घेऊ नका. नीट क्युरिंग, म्हणजे पाणी मारून पक्क्या, झालेल्या नसतील तर पुढे भिंतीला बारीक चिरा पडतात.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. जुन्या कोटेशनवर व्यवहार करू नका. बिल घ्याच, बँकेला लागतं. सिमेंट पंधरा दिवसांना पुरेल इतकंच आणा. गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचा, म्हणजे सिमेंट किती जुनं आहे ते कळतं.

पिढीजात सुतार

काकूंनी मोलाचं सांगितलं. माझ्याकडून लाकडाचं. जुन्या नाशकात आणि पंचवटीत वाडे उतरतात, त्यातल्या तुळया आणि खांब सागाचे असतात. नव्या सागापेक्षा स्वस्त पडतात आणि पूर्ण वाळलेले असल्याने चौकट वाकत नाही. घेताना टोकं बघा, भिंतीत गाडलेलं टोक वाळवीने पोखरलेलं असू शकतं. सगळे खिळे काढल्याशिवाय गिरणीवाला आरा लावत नाही, ती मजुरी हिशेबात धरा. बाथरूमला मात्र ग्रॅनाईटची चौकट लावा.

साईट इंजिनिअर

सर, काटकसर कुठे करायची नाही तेही ठरवून ठेवा: पाया, वॉटरप्रूफिंग आणि वायरिंग. मखमलाबादकडे बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फुटिंग (कॉलमखालचा पाया) ड्रॉइंगप्रमाणे खाली पक्क्या थरावरच बसवा. खोदाईची काळी माती फुकटची म्हणून जोत्यात भरू नका, तिथे मुरूमच हवा. माती नर्सरीवाल्यांना किंवा मळेवाल्यांना विचारा, नेण्याचा खर्च वाचेल.

मखमलाबादकर

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांनी आजच टेप आणायला सांगितला. काकू, एक विचारतो. आमच्या मिस्त्रींना लाल विटेचीच सवय आहे. तीच घ्यावी लागली तर कधी घ्यावी? आणि स्लॅब पावसाआधी ओतावा का?

म्हसरूळच्या काकू

सर, लाल वीट एप्रिल-मेमध्ये घ्या. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात, म्हणून भट्टीवाले त्याआधी माल मोकळा करतात. दोन विटा एकमेकींवर वाजवून बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे. विटांचा चट्टा (रचलेला ढीग) ताडपत्रीने झाका.

स्लॅब तुमच्या मेच्या सुट्टीत धरा, म्हणजे ओतताना तुम्ही स्वतः हजर असाल. उन्हात क्युरिंग सांभाळावं लागतं. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या, सिमेंटला किमान १० दिवस, कडक उन्हात १४. स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून आळी करा आणि पाणी साठवा, टँकर आधी ठरवा. आणि सेंट्रिंगवाल्याला (स्लॅबखालचा साचा बांधणाऱ्याला) तारीख आत्ताच देऊन ठेवा. पाऊस तोंडावर आला की सगळ्यांचेच स्लॅब असतात आणि साच्याच्या प्लेटा मिळत नाहीत.