शब्दचर्चा: हार्प्सिकॉर्डची 'साथ' म्हणावं की सहवादन?

तिसरी घंटा
एका छोट्या कार्यक्रमाचं माहितीपत्रक मराठीत करून द्यायचं आहे. रचना बरोक काळातल्या (युरोपातलं सतरावं-अठरावं शतक), वादक दोनच: एक व्हायोलिनवर, एक हार्प्सिकॉर्ड या जुन्या पट्टीवाद्यावर. पूर्वार्धात इटलीचा कोरेल्ली, उत्तरार्धात जर्मन संगीतकार बाखचे दोन सोनाटा (वाद्यांसाठीच्या, काही भागांत बांधलेल्या रचना). आयोजकांच्या मसुद्यात 'व्हायोलिनवादन. हार्प्सिकॉर्डची साथ' असं आहे. 'साथ' मला खटकतंय. जुगलबंदी म्हणावं का? आणि 'चेंबर म्युझिक'चं, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीताचं, काय करायचं? 'कक्षसंगीत' वाचलं की मला अतिदक्षता कक्ष आठवतो.

षड्ज-पंचम
जुगलबंदी नको. तीत चढाओढ आली, ऐनवेळचे सवाल-जवाब आले. बाखने दोघांचेही सूर लिहून ठेवलेत.

'साथ' मात्र सरसकट चूक नाही. कोरेल्लीचे ओपस ५ मधले (पाचव्या छापील संग्रहातले) बारा सोनाटा (रोम, १७००) बघा. कागदावर दोनच ओळी: वर व्हायोलिन, खाली खर्ज, आणि खर्जाच्या स्वरांशी बारीक आकडे. ६ असेल तर त्या स्वरापासूनचा सहावा स्वर घ्यायचा, ७ असेल तर सातवा. तो कसा घ्यायचा, मधे काय भरायचं, किती भरायचं, हे वादकाने जागेवर ठरवायचं. याला कंटिन्युओ म्हणतात आणि ही अस्सल साथ आहे. मुखपृष्ठावर तर 'व्हायोलिन आणि व्हिओलोने किंवा चेंबालो' असं छापलंय (चेंबालो म्हणजे इटालियनमध्ये हार्प्सिकॉर्ड). म्हणजे खर्जाचं गजवाद्य हाताशी असेल तर हार्प्सिकॉर्ड नसलं तरी अडत नाही.

बाखच्या सहा सोनाटांत (बाखच्या रचनांच्या बीडब्ल्यूव्ही सूचीत क्रमांक १०१४ ते १०१९) मामला वेगळा. हार्प्सिकॉर्डच्या उजव्या हाताची ओळ पूर्ण लिहिलेली आणि व्हायोलिनच्या तोडीस तोड. एका जुन्या हस्तलिखिताच्या मथळ्यात तर चेंबालोचं नाव आधी आहे, व्हायोलिनचं नंतर. उत्तरार्धाला 'सहवादन' लिहा.

पानसुपारी
सहवादनाला +१. पण एक शंका. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने १७७४ साली बाखचा चरित्रकार फोर्केल याला लिहिलेल्या पत्रात याच सोनाटांना 'ट्रिओ' (तिघांचं वादन) म्हटलंय. (पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी अजून छान वाजतात, असंही म्हणतो. वडिलांच्या कामाबद्दल किती मुलं असं लिहितात!) वादक दोन, मग तिसरं कोण?

षड्ज-पंचम
तिसरा म्हणजे डावा हात. त्या काळी माणसं मोजत नसत, ओळी मोजत: एक व्हायोलिनची, एक उजव्या हाताची, एक डाव्या हाताची. याच हिशेबाने 'सोलो' सोनाटाला तिघं बसू शकतात, कारण खर्जाची ओळ हार्प्सिकॉर्डबरोबर चेलोही धरतो. ट्रिओ सोनाटाला चौघं. त्यामुळे पत्रकात एकल, त्रिक वगैरेंच्या वाटेला जाऊ नका, लोक खुर्च्या मोजत बसतील.

पणजीकर
दोन सोनाटा कोणते? १०१९ असेल तर 'साथ' लिहून फजिती होईल. त्याचा तिसरा भाग एकट्या हार्प्सिकॉर्डचा आहे. व्हायोलिनवादक गज खाली करून उभा, आणि पत्रकानुसार जो साथीदार तोच सगळं वाजवतोय! १०१८ च्या संथ भागात तर उलटच: व्हायोलिन दोन-दोन तारांवर शांतपणे सूर धरून असतं आणि बारीक नक्षीकाम हार्प्सिकॉर्ड करतं. साथ कुणाची म्हणायची? फ्रान्सच्या मॉन्दोन्व्हिल या संगीतकाराने १७३० च्या दशकात ते उघडच लिहिलं. त्याच्या संग्रहाचं नाव आहे 'व्हायोलिनच्या साथीसह क्लाव्हसॅंच्या रचना'. क्लाव्हसॅं म्हणजे फ्रेंचांचं हार्प्सिकॉर्ड.

अवांतर: 'बरोक' शब्दाशी आमचं नातं आहे. पोर्तुगीजमध्ये बार्रोको म्हणजे वेडावाकडा मोती. गार्सिया द ओर्ता यांचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, त्यात बेडौल मोत्यांसाठी हा शब्द आहे. संगीताला तो पुढे लागला तो नावं ठेवण्यासाठी. १७६८ च्या संगीतकोशात रूसोनेही तो गोंधळलेल्या, ओढूनताणून केलेल्या संगीतासाठीच वापरलाय.

तिसरी घंटा
१०१६ आणि १०१९ आहेत. म्हणजे 'साथ' उत्तरार्धातून गेली. चेंबरचं राहिलं. 'बैठक' कसं वाटतं?

पानसुपारी
'बैठक' म्हटलं की लोक तंबोरा-तबला शोधतील. मूळ इटालियन 'कामेरा' म्हणजे साधी खोली. चर्चमधला सोनाटा 'दा किएझा', दिवाणखान्यातला 'दा कामेरा', एवढाच भेद होता. सरळ 'चेंबर संगीत' लिहा, कुणाचं काही बिघडत नाही. 'रिसायटल'साठी (एकाच कलाकाराच्या कार्यक्रमासाठी) 'वादन' पुरे. तो शब्द वाद्यवादनाला चिकटला पियानोवादक लिस्टच्या १८४० च्या लंडनमधल्या कार्यक्रमांपासून, बाखला तो ठाऊकही नव्हता.

षड्ज-पंचम
आणि कृपा करून 'हार्प्सिकॉर्ड म्हणजे पियानोचा पूर्वज' लिहू नका. पियानोत हातोडी तारेवर आपटते. इथे पट्टी दाबली की लाकडाची उभी फळी वर उचलली जाते आणि तिच्यात बसवलेली पिसाच्या दांडीची नखी तार छेडते. स्वरमंडळाला पट्ट्या लावल्यासारखं. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. म्हणून तर १०१६ च्या तिसऱ्या भागात तेच तीन-तीन स्वरांचे झुपके व्हायोलिनकडून उजव्या हाताकडे जातात तेव्हा मजा येते: एकीकडे सूर फुगतो, ओसरतो, दुसरीकडे प्रत्येक स्वर सुटा, टोकदार. 'नखीने तार छेडणारं पट्टीवाद्य' एवढं पुरेल.

तिसरी घंटा
घेतलं. शेवटचं: मसुद्यात 'प्राण्यांच्या आतड्याच्या तारांचं व्हायोलिन' आहे. शाकाहारी मंडळी दारातूनच परत जातील.

पणजीकर
त्याला मराठीत चांगला शब्द आहे की: तात. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असायची तीच. 'तात लावलेलं व्हायोलिन' लिहा. वाद्यांचा 'ला' हा स्वर हल्लीच्या ४४० हर्ट्झऐवजी ४१५ ला लावणार असतील तर तेही सांगून टाका. पेटीवाल्यांच्या भाषेत, पांढरी सहा काळी चारवर उतरते.