मदत हवी आहे: टॉमी जॅरल यांची फिडल
मंडळी, मी हिंदुस्थानी व्हायोलिन शिकतेय. सध्या अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या टॉमी जॅरल (१९०१–१९८५) या फिडलवादकाने (फिडल म्हणजे लोकसंगीतात वाजवलं जाणारं व्हायोलिनच) अक्षरशः वेड लावलंय. त्यांनी महामार्ग खात्यात नोकरी केली, निवृत्तीनंतर फिडल आणि पडदे नसलेला अमेरिकन बँजो पुन्हा मनसोक्त वाजवला, घरी येणाऱ्या तरुणांना शिकवलं. केवढं मोठं मन!

त्यांच्यासारख्या तारा ए-ई-ए-ई या स्वरांत लावल्या, पण गजाची ती झोकदार लय काही केल्या हाती येत नाही. मी मांडी घालून, स्क्रोल (व्हायोलिनचं वळणदार टोक) पायावर टेकवून वाजवते. त्यामुळे अडतंय का? ही शैली ऑनलाइन कोण शिकवतं?

आणि पुण्या-मुंबईत बिनपडद्यांचा बँजो कुठे मिळेल? दुकानदार वरातीतला बटणांचा बँजो दाखवतात, तो नकोय.