मळीच्या टाकीचा तळ गेलाय : ठिगळं लावू की पूर्ण तळ बदलू? मदत हवी आहे

ऑफसीझन_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात मेकॅनिकलला आहे. आमच्याकडे मोलॅसिसची ५००० टनांची एमएस (साध्या पोलादाची) टाकी आहे. व्यास २२ मीटर, उंची १० मीटर, कोनिकल छप्पर. (मळी म्हणजे मोलॅसिस, शेतात टाकतात ती प्रेसमडची मळी नव्हे. मागच्या धाग्यावर यावरूनच अर्धी चर्चा वाहून गेली होती.)

हंगामात पश्चिमेच्या बाजूला टाकीच्या बुडाशी काळा ओघळ दिसायचा. वरून सांडलं असेल म्हणून सगळ्यांनी दुर्लक्ष केलं, त्यात मीही आलो. आता टाकी रिकामी करून धुतली आहे. तळाचा पत्रा मूळ ८ मिमीचा. जाडी मोजली तर मध्यभागी ७.२ आणि ६.८, म्हणजे ठीक. पण पश्चिमेला शेलपासून (टाकीच्या उभ्या भिंतीपासून) साधारण मीटरभर आत ३.९, ३.१ आणि एका जागी २.२! तिथेच हातोडीच्या टोकाने ठोकलं तर दोन ठिकाणी आरपार भोक पडलं.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, 'जुन्यावरच नवा ८ मिमीचा पत्रा अंथरू आणि कडेने वेल्ड मारू, पंधरा दिवसांत मोकळे.' हिशोब केला, नुसतं प्लेटचं वजनच २४ टनांच्या आसपास जातं. वरिष्ठांचा कल ठिगळांकडे आहे. काय करू? पाऊस तोंडावर आलाय.

पत्रा_रॉड_ग्राइंडर

साहेब, मी फॅब्रिकेशनवाला. जुन्यावर नवा पत्रा टाकायला आम्हाला बरंच, मापं सोपी आणि बिल मोठं. पण खरं सांगतो, खाली मळी झिरपलेली असेल तर वेल्ड धरणार नाही. उष्णता लागली की खालची ओल उकळते, वाफ वर येते आणि वेल्डमध्ये ब्लोहोल, म्हणजे वाफेची भोकं. तुम्ही घासाल, परत माराल, परत फसफस. एकदा तीन रात्री हेच करत बसलो होतो.

निवृत्त_टर्मिनलवाला

माझी नोकरी तेलाच्या टाक्यांवर गेली, मळीचा अनुभव नाही. पण तळ तळच असतो.

पहिलं म्हणजे, अल्ट्रासॉनिकने जाडी कळते ती फक्त प्रोब ठेवला त्या बिंदूची. खालून खड्डे पडलेले असतील तर शेजारी बोटभर अंतरावर काय आहे ते कळत नाही. म्हणून आमच्याकडे अख्ख्या तळावर एमएफएल मशीन (चुंबकाने पत्र्यातले खड्डे शोधणारं) फिरवायचे. ते परवडत नसेल तर पश्चिमेकडचा फूटभर चौकोन कापून काढा आणि उलटा करून बघा. कुठल्याही रिपोर्टपेक्षा तो तुकडा जास्त बोलेल.

दुसरं, एपीआय ६५३ (टाक्यांच्या तपासणी-दुरुस्तीचं अमेरिकन मानक) पेट्रोलियमच्या टाक्यांसाठी आहे, पण आकडा म्हणून धरायला हरकत नाही. खाली गळती कळण्याची सोय नसेल तर पुढच्या तपासणीपर्यंत तळ २.५ मिमीच्या खाली जाता कामा नये. तुमचा २.२ आजच गेलेला आहे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. शेल आणि तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सगळा ताण एकवटतो. शेलच्या आतल्या कडेपासून पहिले ७५ मिमी हा नाजूक पट्टा समजा. तिथे वाटेल तसं ठिगळ मारायचं नाही. जुन्यावर पत्रा टाकून कड शेलला आतून चिकटवणं हे त्याच जातीचं काम आहे. दुहेरी तळ रीतसर करायचा तर शेलला खालून आडवी चीर पाडून नवा पत्रा बाहेर काढावा लागतो, मधे वाळूचा किंवा काँक्रीटचा थर द्यावा लागतो. मग मॅनहोलचं रीइन्फोर्समेंट पॅड (भोकाभोवतीचा मजबुतीचा पत्रा) आणि खालचे नोझल (पाइप जोडायची तोंडं) नव्या तळाला भिडतात, ते वर सरकवा. १०० मिमी वर उचललात तर ३८ घनमीटर जागा गेली, म्हणजे पन्नासेक टन मळी.

डिस्टिलरीकर

वेल्डिंगचं नंतर. आधी सांगा, आत जाताना गॅस मीटर लावता ना? धुतलेल्या टाकीतही कोपऱ्यात, लॅपखाली (पत्र्यावर पत्रा चढतो त्या कडेखाली) मळी उरते, ती आंबते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, तळालाच बसतो. उभ्या माणसाला काही वाटत नाही आणि वाकून ग्राइंडिंग करणारा गपकन पडतो. मग त्याला काढायला दुसरा उडी मारतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणालाही आत सोडू नका, ब्लोअर चालू ठेवा, हातदिवा २४ व्होल्टचाच आणि मॅनहोलपाशी एक माणूस कायम. तो चहाला गेला तर काम बंद.

ऑफसीझन_मेकॅनिकल

टर्मिनलवाले काका, तुमचं ऐकून शनिवारी तुकडा कापला (आधी मीटर लावून, डिस्टिलरीकर दादा!). वरून गुळगुळीत, उलटा केला तर करंजीसारखे पापुद्रे, नखाने निघत होते. खालची वाळू काळी, चिकट, वास आंबट ताकासारखा. बाहेर जाऊन बघितलं तर त्या बाजूला टाकीची कड आणि फाउंडेशन यांच्यामधलं डांबर उखडलंय. छपरावरचं पाणी तिथूनच आत जात असणार.

निवृत्त_टर्मिनलवाला

मग निर्णय झाला की! पाणी बाहेरून गेलं, पत्रा खालून खाल्ला, मग मळी गळली आणि तिने उरलेलं केलं. मध्य चांगला आहे, अख्खा तळ कशाला बदलता? पश्चिमेकडचे शेलखालचे पत्रे काढा, पण सगळे एकदम नको. एक काढा, वाळू निरोगी थर लागेपर्यंत उपसा, नवी कोरडी वाळू ठोकून भरा, पत्रा बसवा, वेल्ड करा, मगच पुढचा. तोवर शेलला पाचरी. आत सुट्ट्या खड्ड्यांना ठिगळं चालतील, कोपरे गोल ठेवा. शेवटी प्रत्येक जोड व्हॅक्यूम बॉक्सने तपासा. साबणाचं पाणी लावा, वर काचेची पेटी दाबा, हवा ओढा. बुडबुडा आला की खडूने गोल.

आणि पाणी भरून टेस्ट घ्याल तेव्हा फसू नका. मळी पाण्याच्या १.४ पट जड. काठोकाठ १० मीटर पाणी म्हणजे मळीचे जेमतेम ७ मीटर. पहिल्यांदा मळी भराल तेव्हा वरचे तीन मीटर टप्प्याटप्प्याने, रोज बूड बघत.

पत्रा_रॉड_ग्राइंडर

बाहेरची कड विसरू नका साहेब. ती उघडी ठेवलीत तर दोन पावसाळ्यांत मला परत फोन.

डिस्टिलरीकर

एक राहिलं. तळाची पातळी थोडीही बदलली तर डिप चार्ट (मळीच्या पातळीवरून साठा काढायचा तक्ता) चुकणार. एक्साइजला आधीच कळवा, कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्या. नाहीतर साठ्यात फरक निघाला की उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतील.

ऑफसीझन_मेकॅनिकल

अर्ज उद्याच टाकतो. कापलेला तुकडा पिशवीत घालून आजच्या मीटिंगला नेला होता. टेबलावर ठेवला, गंजाचा चुरा एमडी साहेबांच्या फायलीवर सांडला. ठिगळाचा विषय पुन्हा निघाला नाही. सहा पत्रे मंजूर झालेत. आता एकच, सांगलीच्या आसपास व्हॅक्यूम बॉक्स भाड्याने कुठे मिळेल?

पत्रा_रॉड_ग्राइंडर

भाड्याने कशाला, माझा घेऊन जा. काच नवी टाकून आणा फक्त.